बंकटअण्णांचा नारळ

देव आहे का हो अण्णा, असं कुणी बंकटअण्णा ओव्हाळांना विचारलं की ते आधी त्या माणसाला बसायला सांगत. उत्तर लांबलचक होतं म्हणून नव्हे. उत्तर एका शब्दाचं होतं, ‘न्हाई’. पण ते ऐकून माणूस तडक उठून जाऊ नये, चहा घेऊन जावा, एवढाच त्यामागचा हेतू.

अण्णांचं गाव सोनपिंपळी, केजहून धारूरकडं जाताना डोंगर दिसायला लागतात तिथलं. एकतीस वर्षं त्यांनी पंचायत समितीत हापसे दुरुस्त करायचं काम केलं. तालुक्यात असा हापसा सापडणं मुश्कील, ज्याचे पाईप अण्णांनी कधी उपसले नाहीत. गावोगावची रीत ठरलेली असे. हापसा बंद पडला की लोक आधी त्याला हळदीकुंकू लावत, दांड्याला लिंबू बांधत, नारळ फोडत आणि आठवडाभर वाट बघून मग मेस्त्रीला निरोप धाडत. अण्णा आले की लिंबू सोडून बाजूला ठेवत, पाना काढत, पाईप वर घेत आणि झिजलेला चामड्याचा वायसर लोकांना दाखवत. नवा वायसर बसला की पाणी यायचं. मग एखादी म्हातारी हटकून म्हणायची, “नारळ पावला बाई.” अण्णा म्हणायचे, “मंग मला कावून बोलावलं? नारळाच्याच हातात पाना द्यायचा की.”

असा हा माणूस वस्तीतल्या बुद्धविहाराचा बौद्धाचार्य होता, म्हणजे लग्न, नामकरण, मयत यातले सगळे विधी तोच चालवायचा. सव्वीस वर्षं पौर्णिमेची वंदना त्याच्याच आवाजात झाली. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. वंदना संपली की मेणबत्तीच्या उजेडात पंधरा मिनिटांचं भाषण, आणि कुठूनही सुरू झालं तरी ते एकाच ठिकाणी येऊन थांबायचं: “वर कुणी बसलेला न्हाई. कुणी ऐकत न्हाई. जे करायचं ते तुमी करायचं.” पोरं पुढचं वाक्य आधीच पुटपुटायची.

केजच्या बाजारपेठेत शिवलिंगप्पाचं पाईप आणि नटबोल्टचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेला हाड नाही. अण्णा नोकरीला लागले तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. वायसर घ्यायला गेलेला माणूस तासभर वाद घालून परत यायचा.

“काय बे बंकटा,” शिवलिंगप्पा म्हणायचा, “देव न्हाई म्हणतोस, आन् रोज सकाळी मूर्तीपुढं फुलं वाहतोस. मला तर तू चोरून पूजा करणारा दिसतोस.”

“शाळेतल्या गुरुजीच्या पाया पडलास का कधी?”

“पडलो की.”

“मंग गुरुजी देव झाला का? हापसा बंद पडला की तू नारळ फोडशील, मी पाईप उपसून बघीन. दुःखाचंबी तसंच हाय. कारण असतंय, आन् कारण काढता येतंय. बुद्धानं वायसर बदलाया शिकवला. हापशाची पूजा करा असं न्हाई सांगितलं.”

“पण तुमच्या पोथ्यांत देव हायेत म्हणं. इंद्र हाय. परवा तुमचा अंगदच सांगत हुता.” अंगद म्हणजे विहार समितीचा अध्यक्ष, चार पुस्तकं वाचलेला.

“असू देत की. पण ते देव बुद्धाकडं येतेत कशाला? शिकायला. आन् त्यांनाबी मरण हाय. शिकायला येणारा आन् मरणारा देव कसला बे? तो इद्यार्थी. त्याला बसू दे मागच्या रांगेत.”

शिवलिंगप्पा खो खो हसायचा आणि वायसर पुडीत बांधायचा. असा धर्म त्याला पटायचा नाही, पण असा माणूस त्याला लागायचा. मीही सांगून टाकतो, वादात अण्णाच बरोबर असत. बरोबर असणं ही त्यांची खोडच होती, आणि खोड म्हटली की ती कुठं ना कुठं नडतेच.

अण्णांना ती घरातच नडली.

त्यांचा धाकटा भाऊ सिदू नऊ वर्षांमागं काविळीनं गेला. मागं बायको विमलबाई आणि दहा वर्षांची धनश्री. विधी अण्णांनीच केले, स्वतःच्या भावाचे, आवाज न कापू देता. दहाव्या दिवशी सकाळी ते भावाच्या घराकडं गेले, तर पत्र्यावर केळीच्या पानानं झाकलेलं एक ताट. माहेरच्या बायकांनी ठेवायला लावलं असणार, कावळ्यासाठी. अण्णांचं डोकं फिरलं. बौद्धाचार्याच्या भावाच्या घरावर कावळ्याचं ताट! त्यांनी शिडी लावली, ताट खाली घेतलं आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाले, “कावळ्यात माणूस येत न्हाई. हे धंदे आपल्यात बंद झाल्याला जमाना झाला.” ताटातलं सगळं त्यांनी म्हशीच्या गव्हाणीत ओतलं.

विमलबाई दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. बोलणार तरी कशी, अण्णा तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढायचा आणि त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. सिदू होता तेव्हा अण्णा कधी तिच्याकडं जेवायला बसले, तर ती खांबाकडं बघून म्हणायची, “खांबा, कालवण आणिक घ्या म्हणावं.” आणि अण्णा खांबाला उत्तर द्यायचे, “बास झालं म्हणावं.” विहारात बाई-पुरुषाच्या बरोबरीवर घसा फोडणाऱ्या अण्णांना, बाई, आता हा खांब मधून काढून टाकू, असं म्हणायचं कधी सुचलं नाही. गोष्टी अशाच असतात. आपल्या घरातला हापसा बंद असला तरी मेस्त्री आधी दुसऱ्याच्या दारी जातो.

त्या ताटानंतर विमलबाईनं दार लावून घेतलं. मदत नाही, सणावाराला बोलावणं नाही, जाऊ गंगासागर भेटली तर नुसती मान हलवायची. मोलमजुरी करून तिनं धनश्रीला बारावी केलं. गंगासागर नवऱ्याला म्हणायची, “तुमी खरे असताल. पण त्या दिवशी तुमी तिच्या घरातून काय उचललंत, ते तुमाला ठावं न्हाई.” अण्णा विचारायचे, काय उचललं? गंगासागर म्हणायची, “तिलाच इचारा.” आणि तिला विचारायचा तर रिवाज नव्हता.

तीन वर्षांमागं, अकरावीत असतानाच, धनश्रीनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक आणि मग लेखी. त्याच सुमाराला विमलबाई रोज सकाळी सहाला विहारात यायला लागली. रानात कामाला जायच्या आधी यायची, मेणबत्ती लावायची, पदर डोक्यावरून ओढून मूर्तीपुढं बसायची आणि बोलायची. मनातल्या मनात नव्हे, चांगलं ऐकू येईल असं.

अण्णा त्या वेळेला विहार झाडत असत. निवृत्तीनंतर ते काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मूर्तीला पाठमोरे होऊन ते दाराकडं झाडत जायचे, आणि कानावर पडायचं, “तथागता, पोरीच्या पायाला फोड आलेत. चप्पल घालून पळती. बुटाचं कसं करावं, सुचंना झालंय.”

अण्णा आधी चिडले. रोज कानीकपाळी ओरडतोय, वर कुणी ऐकत नाही, आणि माझ्याच घरची सून मूर्तीला बूट मागती! पण चिडून झालं, तरी बूट डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी धनश्री वस्तीच्या हापशावर पाणी भरून गेली, तेव्हा चिखलात तिच्या पावलाचा ठसा उमटला होता. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्या ठशावर आपला पाना आडवा ठेवून माप घेतलं. ते माप घेऊन केजला गेले, बूट घेतले आणि मैदानावर पोरींची तयारी करून घेणाऱ्या माजी सैनिकाकडं, मेजर म्हणतात त्यांना, नेऊन दिले. “पोरीला द्या. कुणी दिलं ते सांगू नका. खोटंबी बोलू नका. नुसतं द्या.” मेजर म्हणाले, “हे अवघड काम आहे अण्णा.” अण्णा म्हणाले, “शील पाळायचं मला रोजचं हाय.”

आठ दिवसांनी विमलबाई मूर्तीपुढं बसून म्हणाली, “तथागता, बूट आले. लई उपकार झाले.”

केरसुणी हातात धरून अण्णा उभे. बूट कुणी आणले, आणि उपकार कुणाचे मानले! त्यांना हसू आलं, आणि हसता हसता छातीत कुठं तरी टोचलं.

मग ते चालूच राहिलं. ती म्हणाली, पोरी दगडानंच गोळाफेक करत्यात, तोलाचा अंदाज येईना. अण्णांनी जुन्या हापशाचं लोखंड घेऊन केजमध्ये लेथवाल्याकडून गोळा करून घेतला आणि शिवलिंगप्पाच्या तराजूवर ठेवला. दोनशे ग्रॅम जास्त भरला. अण्णा परत लेथवर गेले. शिवलिंगप्पा ओरडला, “दोनशे ग्रॅमनं काय होतंय बे?” अण्णा म्हणाले, “परीक्षेत चार किलोचा हाय, मंग सरावाला चारचाच पायजे.” ती म्हणाली, पोरगी पहाटं हमरस्त्यावर पळती, ट्रक भरधाव जात्यात, जीव टांगणीला लागतो. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरनं चालायला सांगितलंय असं सांगत अण्णा हातात काठी आणि अंगावर चकाकणारा पट्टा घालून पहाटे पाचला त्याच रस्त्याला. सांगितलं होतं खरंच, पण चार वर्षांपूर्वी. गंगासागर म्हणाली, “गुडघे दुखत्यात म्हून कण्हत हुताव. आता ट्रकामागं फिराया लागलाव?” पण तिनं दुसरं काही विचारलं नाही. काठीला तेल लावून ठेवायची.

अण्णांना खरा त्रास होत होता तो वेगळाच. दर रविवारी ते लोकांकडून पंचशील म्हणवून घेत, आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. आपण तोंडानं खोटं बोलत नाही, हे खरं. पण एक बाई समजतेय की मूर्ती ऐकते, आणि आपण तिला तसं समजू देतोय. मग हे काय झालं?

एकदा चहा पिताना त्यांनी शिवलिंगप्पापुढं हे मन मोकळं केलं. शिवलिंगप्पानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “मंग सांगून टाक तिला, मीच करतोय म्हून.”

“सांगितलं तर बूट परत करंल. गोळा आडात टाकील. इतकी वर्सं माझ्या घरचं पाणी न्हाई पिली ती.”

“आन् न्हाई सांगितलं तर?”

“तर ती देव मानती, आन् तो देव मीच उभा केलेला.”

“बंकटा,” शिवलिंगप्पा म्हणाला, “तुझ्या देव न मानण्यापायी लोकांना देव दिसाया लागला, हे मातर झकास झालं.” आणि बशी तोंडाला लावली. अण्णांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. त्यांनी मनाशी ठरवलं: पोरगी लागली, की मग बूट परत करायचा प्रश्न उरत नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. तीन वर्षांचा लपवाछपवीचा हिशेब एका दमात मिटवायचा.

यंदा धनश्री लागली. मोबाईलवर यादी आली, तिसऱ्या पानावर नाव. वस्तीत पेढे वाटले गेले, मेजर स्वतः येऊन गेले. अण्णांना आतून इतका आनंद झाला, की त्यांनी विहाराचं अंगण दोनदा झाडलं. चारच दिवसांवर बुद्धपौर्णिमा होती. तीच वेळ, अण्णा म्हणाले.

पौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात आली. बाहेर खिरीची कढई उकळत होती. दरवर्षीसारखा शिवलिंगप्पा खिरीच्या नावाखाली येऊन मागच्या भिंतीला टेकून बसला होता. अण्णा सतरंजीवर पुढं बसले. त्रिशरण झालं, आता पंचशील सुरू होणार, एवढ्यात विमलबाई उठली. नवं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. शेजारी धनश्री. विमलबाईनं पिशवीतून एक नारळ काढला, शेंडी मूर्तीकडं करून मूर्तीच्या पायाशी ठेवला, हात जोडले आणि परत येऊन बसली.

विहारात नारळ! सव्वीस वर्षांत घडलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अंगदनं अण्णांकडं बघितलं.

आणि बंकटअण्णा ओव्हाळ, जे आज नम्रपणे खरं सांगणार होते, ते चिडले. खोड उसळून वर आली. ताट बघून उसळली होती तशीच.

“अंगदा,” ते मोठ्यानं म्हणाले, कारण भावजयीशी थेट बोलायचं नव्हतं, “तो नारळ उचल. आन् ज्यांनी ठिवला त्यांना सांग, ह्या घरात नवस चालत न्हाई. पोरगी पळाली म्हून लागली. ह्या मूर्तीनं न्हाई लावली. सिमिटाची मूर्ती हाय ती. तिला कान न्हाईत.”

अंगद उठायला लागला. धनश्रीचा चेहरा उतरला. नोकरी लागलेल्या पोरीचा आनंदाचा दिवस, आणि सगळ्या गावासमोर आईला बोलणी. मागून कुणी तरी म्हणालं, “जाऊ द्या अण्णा, बाईमाणूस हाय.” त्या वाक्यानं विमलबाई उभी राहिली.

ती उभी राहिली, पदर पुढं ओढला आणि मूर्तीकडं तोंड केलं. रोज सकाळी बोलायची त्याच आवाजात बोलायला लागली. आज ऐकायला सगळं गाव होतं.

“तथागता, मी तुला कधी काय मागितलं न्हाई. तू सिमिटाचा हायस, मला ठावं हाय. तुला सोनेरी रंग दिला तवा बादली मीच धरली हुती.”

कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मी बोलायची ते मागं झाडणाऱ्याला. पयल्या दिवशी बुटाचं बोलले, तवा झाडायचा आवाज थांबला. बोलून झालं की परत चालू झाला. मंग मी रोजच बघितलं. मी बोलाया लागले की झाडू थांबायचा. आठ दिसांत बूट आले, महिन्यात गोळा आला, आन् पहाटं काठी टेकत, गुडघे धरत कोण चालतंय, ते माझ्या पोरीला तिच्या डोळ्यांनी दिसत हुतं. आमच्यात थोरल्या दिराशी बोलायचा रिवाज न्हाई. त्यात आमचं घर नऊ वर्सं बंद. मंग मी कुणाकडं तोंड करून बोलावं? खांब माझ्या घरी ऱ्हायला. म्हून तुझ्याकडं केलं.”

विमलबाईनं नारळाकडं हात केला.

“नवस न्हाई ह्यो. नारळ त्यांचाच हाय. त्यांच्या हातात कसा द्यावा? तुझ्यापुढं ठिवलेलं सगळं वंदना झाल्यावर झाडणारा माणूसच उचलून नेतो. म्हून ठिवला. आन् देव न्हाई, हे मला कुणी सांगायची गरज न्हाई. देव असता, तर मला झाडूकडं कान लावून बसावं लागलं असतं का?”

ती बसली. धनश्रीनं तिचा हात धरला.

अण्णा सतरंजीवर तसेच बसून होते. तीन वर्षं ते समजत होते, की ह्या बाईला आपण एका भ्रमात ठेवलंय. भ्रमात कोण होतं? तिला मूर्ती मूर्ती दिसत होती आणि माणूस माणूस दिसत होता. अण्णांना मात्र नारळ तेवढा दिसला. आणि नारळावरून त्यांना दुसरं काही आठवलं. नऊ वर्षांमागचं पत्र्यावरचं ताट आठवलं, आणि ते गव्हाणीत ओतताना त्यात काय होतं, तेही. हुलग्याच्या पिठाचे, रश्श्यात शिजवलेले शेंगोळे. सिदूला जिवापाड आवडायचे. काविळीत वैद्यानं बंद केले होते, आणि शेवटचे दोन महिने तो ते मागत मागत गेला. गंगासागर म्हणायची, तुमी काय उचललंत ते तुमाला ठावं न्हाई.

अण्णा उठले. गुडघ्यांनी आवाज केला. मूर्तीच्या पायाशी जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि भावजयीसमोर येऊन उभे राहिले. अंगदकडं बघितलं नाही, खांबाकडं बघितलं नाही.

“विमल,” ते म्हणाले. तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि हे नाव त्यांनी तिच्यासमोर आज पहिल्यांदा घेतलं. “सिदूच्या दहाव्याला ताटात शेंगोळे हुते.”

विमलबाईची मान हलली.

“ते कावळ्यासाठी न्हवते.”

“न्हाई,” ती म्हणाली. थेट त्यांना. “त्याला द्यायचे ऱ्हायले हुते.”

“मला कळलं न्हाई. बिघाड काय हाय, ते बघायच्या आधीच मी हापसा उपटून फेकला. एकतीस वर्सं हेच काम केलं, आन् घरात हेच चुकलो.” अण्णांचा आवाज सिदूच्या मयतीला कापला नव्हता, तो आज कापला, आणि त्यांनी तो कापू दिला. “माफ कर बाई. आन् आजपून माझ्यासमोर पदर ओढू नकोस. हे मीच कवाच सांगाया पायजे हुतं. भाषणं लई केली मी.”

विमलबाईनं लगेच पदर मागं घेतला नाही. वीस-बावीस वर्षांचा हात, एका दिवसात कसा वळणार? पण तिनं मान वर केली आणि दिराच्या तोंडाकडं बघितलं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हातांत नारळ असल्यानं त्यांना ते पुसता येत नव्हतं. शेवटी गंगासागरनं उठून आपल्या पदरानं पुसलं.

मग अण्णा जाऊन जागेवर बसले, नारळ मांडीवर ठेवला आणि पंचशील सुरू केलं. चौथ्या शीलाला ते क्षणभर थांबले. सगळी वस्तीही थांबली. मग त्यांनी ते म्हटलं, आणि वस्तीनं त्यांच्यामागून म्हटलं. त्या दिवशी भाषण झालं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच खीर गरम मिळाली.

खिरीची वाटी हातात घेऊन शिवलिंगप्पा त्यांच्याजवळ आला. “काय बे बंकटा, शेवटी नारळ पावला म्हणायचा तुला.”

“गप बे,” अण्णा म्हणाले, “नारळाला कान न्हाईत.” पण नारळ काखेत घट्ट धरून ठेवला होता.

देव नाही हे अण्णांचं मत त्या दिवसानं तसूभरही हललं नाही. झालं असेल तर आणखी पक्कं झालं. वर कुणी ऐकत नाही, हे ते अजूनही सांगतात. फक्त त्याला पुढं एक वाक्य जोडतात, की म्हणून मागं झाडणाऱ्यानं ऐकलं पाहिजे. त्या रात्री नारळाचं खोबरं किसून गंगासागरनं चटणी केली, आणि ती घेऊन दोघं नवरा-बायको नऊ वर्षांनी सिदूच्या घरी जेवायला गेले. विमलबाईनं शेंगोळे केले होते. अण्णांनी तीनदा मागून घेतले, खांबाला मध्ये न घालता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहारात झाडू चालू होता. विमलबाई आली. तिनं मेणबत्ती लावली, गुरुजीला करावा तसा मूर्तीला नमस्कार केला आणि मग ती वळून बसली. पाठ मूर्तीकडं, तोंड दाराकडं. पदर खांद्यावर होता. झाडायचा आवाज आपोआप थांबला.

“अण्णा,” ती म्हणाली, “झाडू थांबवू नका. मी आता मोठ्यानं बोलते.”